शेगडीला घाई चालत नाही

आज दिवसभर सगळा स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर. गॅसची सवय झालेल्यांनी आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी: कान पिळला की आच कमी, हे इथे नाही. खालचं राखेचं दार, एवढाच काय तो कान. ते अर्धं लावलं तरी निखारे थंडावायला पाच-सात मिनिटं जातात, तोवर दूध उतू गेलेलं असतं.

म्हणून क्रम आचेनुसार लावायचा. फुललेल्या निखाऱ्यावर आधी डाळ आणि भाजी, मग भात, आणि शेवटी राख धरलेल्या विस्तवावर दूध. वांगं, पापड अधेमधे. (भरीत मात्र गॅसवर असं होतच नाही!)

पेटवताना तळाला नारळाची शेंडी आणि करवंटी, वर अंड्याएवढे कोळसे. चुरा घालू नका, जाळी बुजते, हवा अडते आणि नुसता धूर होतो. ओला कोळसा तडतडून ठिणग्या उडवतो, एक दिवस उन्हात टाकावा. निखारे फुलायला पंधरा-वीस मिनिटं धरूनच चाला. नवा कोळसा आच पडल्यावर नव्हे, त्याआधी दहा मिनिटं घालायचा.

आणि धूर थांबला म्हणून शेगडी बंद खोलीत घेऊ नका. लालबुंद निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. विझवताना पाणी ओतलं तर मातीचं अस्तर तडकतं. निखारे चिमट्याने घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा अंगणात. उरलेला कोळसा उद्या लवकर पेटतो.