साडेसहा मिनिटं, संगीताशिवाय

शनिवार, रात्री उशिरा

'स्कारामूश' हा सिनेमा परत पाहिला. १९५२चा, जॉर्ज सिडनीने केलेला. राफाएल साबातिनीची १९२१ची मूळ कादंबरी नुकतीच वाचून झाली होती, त्यामुळे बघताना मन सारखं हिशेब मांडत होतं. हे ठेवलं, ते गाळलं, हे तर पार उलटंच केलं.

गाळलंय भरपूर. कादंबरीतला आंद्रे-लुई मोरो हा फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या गाव्रियाकचा वकील. मार्की, म्हणजे एक बडा सरदार, द्वंद्वाच्या नावाखाली त्याच्या मित्राचा सरळसरळ खून करतो, कारण त्या पोराचं वक्तृत्व त्याला धोक्याचं वाटतं. आंद्रे तेव्हा तलवारीच्या मागे लागत नाही. ज्या वाणीची मार्कीला धास्ती होती तीच आता आपण चालवायची, असं ठरवून तो रेन आणि नांत या शहरांत गर्दीपुढे उभा राहतो. बोलतो ती मतं मित्राची, त्याची स्वतःची नव्हेतच, तरी लोक खवळून उठतात. स्वतःला न पटलेल्या गोष्टीवर माणूस इतकं जीव तोडून बोलतो, आणि ते खोटं वाटत नाही. कादंबरीतला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

सिनेमात याचा मागमूस नाही. मित्र पडतो, आंद्रे चिडून तलवार उचलतो आणि मार्की त्याला अक्षरशः खेळवतो. पुढे धारदार जीभ शिल्लक राहते, पण फक्त विनोदापुरती. सूड घ्यायचा तो तलवारीनेच. पडद्यावर भाषणापेक्षा तलवार चांगली दिसते, हे उघड आहे. तरी चुटपुट लागली.

बदल्यात मिळालं ते मात्र झकास आहे. आंद्रे तलवारबाजी शिकायला जातो कुठे, तर मार्कीच्याच गुरूकडे. तिथून निसटावं लागलं की पॅरिसला, गुरूच्या गुरूकडे. 'मी तुला सोडणार नाही' म्हणणारे नायक पोत्याने मिळतात. हा बिचारा आधी शागिर्दी करतो, हात बसेपर्यंत तेच तेच गिरवतो. दिवसा तालीम, रात्री नाटकमंडळीत मुखवटा चढवून स्कारामूश या विदूषकाचं काम. स्ट्युअर्ट ग्रेंजरचा आंद्रे सुरुवातीला नुसता उनाड वाटतो. शिकायला लागल्यावर त्याचे खांदे, उभं राहणं, सगळं बदलतं.

आणि शेवटचं द्वंद्व. सुमारे साडेसहा मिनिटं चालतं. नाट्यगृहात, नाटक चालू असताना. मार्की प्रेक्षकांत, आंद्रे नाटकाच्या पोशाखात. झुंज सुरू होते बाल्कनीच्या अरुंद कठड्यावर. पाय घसरला तर खाली खुर्च्या. मग जिना, दिवाणखान्यासारखं ते बाहेरचं दालन, खुर्च्यांच्या रांगा आणि शेवटी रंगमंच, पडद्यामागच्या दोर-नेपथ्यासकट. या सगळ्याला पार्श्वसंगीत नाही. एरवी जिथे व्हायोलिनं किंचाळली असती तिथे पात्यांची खणखण आणि बुटांचे आवाज. कोण जिंकणार हे सांगायला संगीत नाही म्हणून आपण हातांकडे बघत राहतो. मार्की झालेला मेल फेरर मुळात नर्तक. ते त्याच्या पायांत दिसतं: एवढ्या धावपळीतही एक पाऊल वेडंवाकडं पडत नाही. खलनायक इतका डौलदार असला की नायकाची भीती वाटायला लागते.

शेवट मात्र पटला नाही. मार्की हाताशी आलेला असताना आंद्रेचा हात उठत नाही, आणि मग कळतं की दोघे सावत्र भाऊ. कादंबरीत मार्की त्याचा बाप निघतो! ज्याचा इतका द्वेष केला तो बाप, हे पचवायला जड आहे, आणि साबातिनी ते जड ठेवतो. सिनेमात भाऊ करण्यात सोयच जास्त दिसते. आंद्रेचं एलीनवर प्रेम, पण ती आपली बहीण आहे असं वाटून तो तिच्यापासून दूर राहत असतो. त्याचा खरा बाप कळला की ती अडचण आपोआप दूर. लग्न लावायला मोकळे.

फ्रेंच राज्यक्रांतीचंही तसंच. क्रांतीतली लोकप्रतिनिधींची राष्ट्रीय सभा येते ती सरदारांनी आव्हान द्यावं आणि आंद्रेने त्यांना एकेक करून लोळवावं एवढ्यासाठी. हसलो खूप, नाही म्हणत नाही. पण १७८९ साली लोक नक्की कशासाठी पेटले होते, हे सिनेमावरून कळायचं नाही.

एक गंमत: १९२३च्या मूकपटात मार्की झालेला लुईस स्टोन इथेही आहे, मारल्या गेलेल्या मित्राच्या वडिलांच्या भूमिकेत. तेव्हा मारणारा, आता मेलेल्याचा बाप. हे मुद्दाम केलं की नट हाताशी होता म्हणून, कोण जाणे.

अगदी शेवटी एलिनॉर पार्करची लेनोर, म्हणजे नाटकमंडळीतली आंद्रेची प्रेयसी, कोणाच्या शेजारी दिसते, तर नेपोलियनच्या! इतिहासाशी इतका उघड चावटपणा केल्यावर चिडणार तरी कसं? मूकपट मिळाला तर तोही बघायचाय. तिथे बाप बापच ठेवलाय का, ते आधी बघेन.