गाजर गवत अपडेट : मागच्या कुंपणाची बाजू

कुंपणालगतच्या पट्ट्यात यंदा गाजर गवत खूपच कमी झालंय, गेल्या पावसाळ्यात तिथे कमरेएवढं माजलं होतं. श्रावण लागलाय, तर आत्तापर्यंतचं लिहून ठेवतो.

यंदा नियम एकच, फुलाआधी उपटायचं. रोप जमिनीला चिकटून गोल पसरलेलं असतं ना, तेव्हाच. चांगला पाऊस पडून गेला की माती मऊ असते, खुरप्याने जरा सैल केलं की अख्खं मूळ येतं, कोरड्या मातीत ओढलं तर बुंध्याशी तुटतं आणि परत फुटतं. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलं आणि मग एकेका झाडाला हजारोंनी बी, त्यामुळे दर आठवड्याला फेरी मारायचीच. कोवळं उपटलेलं कंपोस्टमध्ये जातं, फुलावर आलेलं अजिबात नाही, ते काळ्या पिशवीत गच्च बांधून उन्हात. हातमोजे, मास्क, फुल बाह्या पाहिजेतच, याची अ‍ॅलर्जी एकदा लागली की लवकर पाठ सोडत नाही.

पण माझ्या मते खरा फरक पडला तो जागा उघडी न ठेवल्याने. बी मातीत वर्षानुवर्षं दबून राहतं, ऊन लागलं की आलंच वर. म्हणून उपटलं तिथे लगेच झेंडू दाट पेरला, उरलेल्या जागेत पालापाचोळ्याचा जाड थर. टाकळा आपोआप आला तो राहू दिलाय, तो गाजर गवताला दाबतो आणि कोवळ्या पानांची भाजीही झाली. नर्सरीत वेडेलिया सुचवला होता, पटकन जमीन झाकतो म्हणून, तो कृपा करून कुणी लावू नका, पेरापेराला मुळं धरतो आणि जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

आणि मेक्सिकन भुंगा आलाय!! मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. याच गवतासाठी मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळुरूकडे सोडला होता, आता आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो. पानांच्या चाळण्या करून टाकल्यात त्याने, बघून फार आनंद झाला. त्याच्यासाठी कोपऱ्यातली थोडी झाडं ठेवलीत, कळी दिसली की शेंडा खुडतो, आणि तिथे कसलीच फवारणी नाही, कडुनिंबाची पण नाही.

दसऱ्याला झेंडू निघाला की पट्टा परत उघडा पडेल, तिथे मेथी टाकायचा विचार आहे, कुणी हिवाळ्यात दुसरं काही दाट लावून बघितलं असेल तर नक्की सांगा.