सीलबंद संग्राह्य वस्तू परत येते तेव्हा

सीलबंद संग्राह्य वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत एक मूळचीच अडचण आहे आणि परताव्याचे बहुतेक वाद तिच्यातूनच निघतात. वस्तूची किंमत ती उघडलेली नाही यावर ठरते, आणि आत नेमके काय आहे याची खात्री मात्र ती उघडल्याशिवाय होत नाही. विकणाऱ्याने आत पाहिलेले नसते, घेणाऱ्याला पाहायचे नसते, आणि तरीही दोघे एका रकमेवर सहमत होतात. जानेवारी 2022 मध्ये लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरने, पोकेमॉन या संग्राह्य कार्डांच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीच्या कार्डांचा म्हणून 35 लाख डॉलरना घेतलेला बंद खोका उघडून पाहिला, तेव्हा आत जी. आय. जो या दुसऱ्याच खेळणीमालिकेची कार्डे निघाली. खोका अस्सल असल्याचा निर्वाळा त्या व्यवसायातल्या जाणकारांनी आधीच दिलेला होता. माझ्या गावाहून, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याहून, नागपूरला जाणाऱ्या दोन-तीन हजारांच्या पार्सलाची गोष्ट याहून लहान असली, तरी तिच्यातला पेच तोच आहे.

मी प्रामुख्याने दोन प्रकारच्या वस्तू विकतो. पहिला प्रकार म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात, म्हणजे ब्लिस्टरमध्ये, बंद असलेल्या हॉट व्हील्सच्या 1:64 प्रमाणातल्या खेळण्यातल्या गाड्या, आणि दुसरा पोकेमॉनचे सुटे पॅक (आत कोणती कार्डे निघतील हे आधी न कळणारी बंद पाकिटे) व अशा पॅकचे सीलबंद खोके, म्हणजे बूस्टर बॉक्स. फसवणुकीच्या तक्रारींची चर्चा संग्राहकांत सर्वांत जास्त होते, पण प्रत्यक्षात येणाऱ्या तक्रारी बहुतांशी साध्या असतात. कुठे पुठ्ठ्याचा कोपरा मऊ पडलेला असतो, कुठे ब्लिस्टरला तडा गेलेला असतो, तर कुठे बॉक्सवरचे घट्ट बसवलेले पातळ प्लास्टिक, म्हणजे श्रिंक रॅप, एका बाजूने फाटलेले असते. खेळण्यासाठी गाडी घेणाऱ्याला यातले काहीही खटकले नसते. संग्राहक मात्र गाडीइतकेच पैसे त्या पुठ्ठ्यासाठी मोजत असतो, त्यामुळे "आतली गाडी तर ठीक आहे ना?" हा विक्रेत्यांचा आवडता प्रश्न त्याला विचारणे म्हणजे आपण काय विकले हे आपल्यालाच न कळल्याची कबुली देणे होय.

बरेच विक्रेते जाहिरातीखाली "नो रिटर्न, नो रिफंड" असे लिहून निश्चिंत होतात. कायद्यापुढे ही ओळ फारशी टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ई-कॉमर्सविषयीचे 2020 चे नियम अधिक स्पष्ट आहेत. माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर ऑनलाइन बाजारपेठेवरच्या विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. स्वतःच्या संग्रहातली एखादी जादा वस्तू वैयक्तिक पातळीवर विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू होत नाहीत; पण नियमितपणे आणि व्यवसाय म्हणून विकणाऱ्याला "मी तर हौशी आहे" असे म्हणून त्यांतून सुटता येत नाही. शिवाय ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी त्याला शुल्कही पडत नाही. म्हणजे गुवाहाटीच्या ग्राहकाने तिथेच तक्रार नोंदवली, तर उत्तर देण्याची पाळी फोंड्यातल्या विक्रेत्यावर येते.

याच नियमांची दुसरी बाजू ग्राहकांनीही समजून घ्यायला हवी. केवळ मन बदलले, दुसरीकडे स्वस्त मिळाले किंवा घरच्यांनी ओरडा केला म्हणून निर्दोष माल परत घेण्याची सक्ती कायदा विक्रेत्यावर करत नाही. तिथे जाहिरातीत लिहिलेले धोरण किंवा त्या संकेतस्थळाचे धोरण चालते. मी अशा वेळी सील शाबूत असल्यास वस्तू परत घेतो आणि दोन्ही वेळचा टपालखर्च ग्राहकाने सोसावा असे सांगतो. वस्तू सदोष किंवा चुकीची गेली असेल, तर तो खर्च माझा. ही दोन वाक्ये प्रत्येक जाहिरातीत, किमतीच्या लगेच खाली असतात. कारण व्यवहार झाल्यावर सांगितलेली अट ग्राहकाला पळवाटच वाटते.

परताव्याचा खरा निकाल वस्तू पाठवण्याआधी लागलेला असतो, असे माझे मत आहे. ब्लिस्टरमधली गाडी मी समोरून आलेल्या उजेडात एकदा आणि खिडकीशी तिरप्या उजेडात पुन्हा एकदा कॅमेऱ्यात टिपतो. समोरच्या उजेडात पुठ्ठ्यावरची बारीक घडी अजिबात दिसत नाही, तिरप्या उजेडात तीच घडी पांढऱ्या रेघेसारखी उठून येते. चारही कोपरे जवळून, वरच्या टांगायच्या भोकाभोवतीचा भाग, आणि मागची बाजू संपूर्ण. मागच्या बाजूकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण आयात मालावरचे कमाल किरकोळ किमतीचे आणि आयातदाराच्या नावाचे स्टिकर अनेकदा तिथेच असते. ज्याला स्टिकर नसलेला पुठ्ठा हवा असतो त्याच्या दृष्टीने ते न दाखवणे ही लपवाछपवी ठरते, आणि स्टिकर काढायला गेले तर छपाईच सोलून निघते. बूस्टर बॉक्सच्या बाबतीत सहाही बाजू आणि श्रिंक रॅपच्या सांध्याचे छायाचित्र लागते. त्या प्लास्टिकवरच्या सुरकुत्या, कोपऱ्यातली घडी, एखादा बारीक ओरखडा हे सगळे त्या एकाच बॉक्सचे असते, आणि परत आलेला बॉक्स तोच आहे की दुसरा, हे पुढे त्यांच्यावरूनच सांगता येते.

त्यानंतर वजन. वस्तूचे वजन ग्रॅममध्ये घेऊन, काट्यावरचा आकडा वस्तूसकट छायाचित्रात टिपून ठेवावा. पार्सल बांधल्यावर स्पीड पोस्टच्या पावतीवर टपाल खाते स्वतः वजन छापते, आणि तो आकडा विक्रेत्याच्या हातचा नसल्यामुळे वादात त्याला अधिक मान असतो. "रिकामा खोका आला" अशी तक्रार आली, तर जातानाचे आणि येतानाचे वजन शेजारी ठेवल्यावर अर्धा वाद तिथेच मिटतो. वाटेत कुणी पार्सल फोडले असेल तर तेही यातूनच कळते, आणि तसे असेल तेव्हा ग्राहकाशी भांडण्यात काही हशील नसते. त्याचे पैसे देऊन टाकावेत आणि पुढची लढाई वाहतूकदाराशी लढावी.

गोव्यातून विकणाऱ्याला आणखी एका गोष्टीचा हिशेब ठेवावा लागतो, ती म्हणजे इथली हवा. पुठ्ठा ओलावा धरतो, प्लास्टिक धरत नाही. शिवाय पुठ्ठ्याची छापील, चकचकीत बाजू आणि मागची बाजू सारखा ओलावा घेत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या कपाटात ठेवलेल्या गाडीचा पुठ्ठा हळूहळू वाकतो. तीच गाडी कोरड्या हवेच्या गावी पोचली की ओलावा निघून जातो आणि पुठ्ठा पुन्हा आकार बदलतो. पोकेमॉनच्या चमकत्या कार्डांचेही असेच होते. फॉईलचा थर तसाच राहतो, कागद फुगतो किंवा आकसतो, आणि बंद पॅकमधले कार्डही वळते. ग्राहक ते "डॅमेज" म्हणून कळवतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, आणि विक्रेत्याने सरळ पुठ्ठा पाठवलेला असतो हेही खरेच असते.

सांगलीच्या एका ग्राहकाने मला असेच कळवले होते, "दादा, पाठवताना गाडी सरळ होती ना? इथं आली ती पुठ्ठा धनुष्यासारखा झालेला." त्याच्या छायाचित्रात सील शाबूत होते, कोपरेही टोकदार होते, फक्त पुठ्ठा वाकला होता. मी उत्तर दिले, "जाहिरातीत पुठ्ठा सरळ म्हटले होते, तेव्हा निर्णय तुमचा. परत पाठवा, पूर्ण पैसे देतो. नाहीतर काही रक्कम परत घ्या आणि गाडी ठेवा." त्याने गाडी ठेवली. असा अंशतः परतावा मला अनेकदा सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण वाकलेला पुठ्ठा पुन्हा फोंड्याच्या पावसात आणून मी त्याचे काय भले करणार? आता गाड्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असतात, आणि पार्सलात आतली पिशवी बंद करण्याआधी एक पुडी तिच्यात जाते. चिकटपट्टी मात्र पुठ्ठ्याला किंवा श्रिंक रॅपला कुठेही लागू देऊ नये. पॅकिंग काढताना सील फाटण्याचे ते एक हमखास कारण आहे.

अनबॉक्सिंग व्हिडिओविषयी विक्रेत्यांत फार कडवी मते आहेत. "व्हिडिओ नाही तर तक्रार नाही" ही अट सर्रास लिहिली जाते. पार्सल फोडताना चित्रीकरण करावे अशी विनंती मीही करतो, आणि सहाही बाजूंसह पत्त्याची चिठ्ठी त्यात दिसावी असे सांगतो. परंतु व्हिडिओ नसणे हा लबाडीचा पुरावा नाही. आजीच्या हाती पार्सल पडले, तिने ते कात्रीने फोडून ठेवले आणि नातू संध्याकाळी घरी आला, असे घडते. सदोष माल परत घेण्याच्या कर्तव्यातून अशा अटीने आपली सुटका होईल, या भरवशावरही कुणी राहू नये. व्हिडिओ असला तर निर्णय लवकर होतो. नसला तर छायाचित्रे, वजन आणि ग्राहकाचा आजवरचा व्यवहार पाहावा लागतो.

परत आलेले पार्सल मी स्वतःही कॅमेऱ्यासमोरच फोडतो, कारण आता भूमिका उलटलेल्या असतात. आजच्या इंग्रजी बूस्टर बॉक्सच्या वेष्टनावर पोकेबॉलच्या खुणा छापलेल्या असतात. त्याजागी कोरे प्लास्टिक दिसले तर बॉक्स उघडून पुन्हा गुंडाळला गेल्याची शंका रास्त ठरते. हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) घरी बसवलेले प्लास्टिक कोपऱ्यांत गोळा होते, मध्ये सैल राहते, आणि सांधा आपल्या छायाचित्रातल्या जागी नसतो. ब्लिस्टरच्या गाडीत पुठ्ठ्याला चिकटलेल्या कडेवरून नख हलकेच फिरवून पाहावे. कड सोलून पुन्हा चिकटवली असेल तर पुठ्ठ्याचे तंतू उठलेले जाणवतात आणि तिथे पांढुरका पट्टा दिसतो. सुपर ट्रेझर हंट या हॉट व्हील्सच्या दुर्मीळ प्रकारातल्या गाडीत तर पुरावा आतच असतो. या गाड्यांना रबरी टायर आणि खास चमकता रंग असतो, आणि गाडीच्या मागे पुठ्ठ्यावर सोनेरी वर्तुळातली ज्योत छापलेली असते. ज्योत सोनेरी आणि गाडीची चाके मात्र साध्या प्लास्टिकची, असे दिसले की गाडी बदलली गेली आहे.

असे काही आढळले तरी ग्राहकाला चोर म्हणण्याची घाई करू नये. "पाठवलेल्या आणि परत आलेल्या वस्तूंत पुढील फरक दिसतात" एवढेच लिहून, दोन्ही छायाचित्रे जोडून, संकेतस्थळाने दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवावी. ही मुदत चुकली, तर आपली बाजू कितीही खरी असली तरी बहुधा परतावा ग्राहकाच्या बाजूनेच जातो. थेट यूपीआयने झालेल्या व्यवहारात मध्यस्थच नसतो, त्यामुळे तिथे पैसे रोखून धरण्याची ताकद विक्रेत्याकडे असते. तिचा वापर जपूनच करावा.

उघडलेल्या बूस्टर बॉक्सबाबत माझी भूमिका कठोर आहे. चांगली कार्डे निघाली नाहीत हा दोष नाही. नशिबाचा भाग गृहीत धरूनच तो माल विकला जातो. बॉक्समध्ये 36 ऐवजी कमी पॅक निघाले किंवा पॅकमध्ये 10 पेक्षा कमी कार्डे निघाली, तर मात्र तो दोष आहे, आणि सील तोडल्याशिवाय तो कळलाच नसता म्हणून "सील तुटले आहे" हे कारण तिथे पुढे करता येत नाही. अशा वेळी मी कमी पडलेल्या पॅकच्या प्रमाणात पैसे देतो, आणि ज्याच्याकडून माल घेतला त्या वितरकाकडे छायाचित्रे पाठवतो.

कॅश ऑन डिलिव्हरी मी देत नाही. पार्सल नाकारले गेले की ते आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत) होऊन येते, दोन्ही प्रवासांचे पैसे आपल्याच माथी बसतात, आणि कुणीही न उघडलेली वस्तू दोनदा आदळआपट सोसून कोपरे मऊ होऊन घरी येते. परत आलेली शाबूत वस्तू पुन्हा विक्रीला लावताना तिची नवी छायाचित्रे काढतो आणि "एकदा परत आलेली" असे स्पष्ट लिहितो. त्यामुळे किंमत थोडी उतरते, पण त्याच वस्तूवर दुसरी तक्रार येत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी रक्कम परत करताना क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) काढावी आणि तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक घालावा. हिशेब तपासणाऱ्याला सगळ्यांत आधी तोच लागतो.