औषध कुठलं मारता?

सप्टेंबर लागला की घरी येणारा प्रत्येक जण परसातलं सफरचंद हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "कीड कशी नाही? औषध कुठलं मारता?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी मूळची निफाडची. घरची द्राक्षबाग, त्यामुळे भुरी, केवडा हे वेलीचे रोग आणि फवारणी हे लहानपणापासून कानावर. इथे न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरजवळ घर घेतलं तेव्हा परसात मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचं एक जुनं झाड होतं. पहिल्याच मे महिन्यात मी 'सर्व किडींवर चालते' असं लिहिलेलं औषध आणलं आणि मारून मोकळी झाले. अर्धी फुलं अजून झाडावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गवतात मधमाश्या पडलेल्या. काहींचे पाय अजून हलत होते. ती सकाळ मी विसरलेले नाही. फुलं असताना झाडावर कीटकनाशक मारायचं नाही, हे तेव्हापासून माझ्या घरी पक्कं.

आणि एवढं करून निम्म्याहून जास्त फळं किडकीच निघाली. कॉडलिंग मॉथ हा इथला मुख्य शत्रू. राखाडी रंगाचा, नखाएवढा पतंग. फळावर नाहीतर शेजारच्या पानावर अंडं घालतो. अळी बाहेर आली की लगेच फळात शिरते आणि थेट बियांपर्यंत जाते. भोकाशी भुशासारखी तपकिरी घाण दिसते तेव्हा ती केव्हाच आत असते, वरून काहीही मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आपण घडांना कागद लावतो, कोकणात हापूसला पिशव्या लावतात. तुझं तर एकच झाड आहे!"

तेव्हापासून जूनमधल्या तीन संध्याकाळी मी शिडीवर असते. आधी विरळणी. एका झुपक्यात पाच-सहा फळं धरतात, त्यातलं सगळ्यात मोठं एकच ठेवायचं आणि दोन फळांत वीतभर अंतर. पहिल्या वर्षी फळं तोडताना हात थरथरतो, पण तोडा. एकमेकांना टेकलेल्या फळांच्या फटीतूनच अळी सहज शिरते. मग सुपारीपेक्षा जरा मोठ्या फळावर सँडविचची झिपवाली पिशवी. खालचे दोन्ही कोपरे आधी कात्रीने कापून ठेवायचे, म्हणजे आतलं पाणी निथळतं. झिप मधोमध दोन बोटं उघडायची, फळ आत सरकवायचं, देठाच्या दोन्ही बाजूंनी दाबून बंद. देठ ओढला जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फळ हातातच येतं.

कर्क्युलिओ नावाचा भुंगेरा मात्र पिशवीच्या आधीच हजर होतो आणि सालीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा काढतो. त्याच्यासाठी पाकळ्या पूर्ण गळाल्या की केओलिन, म्हणजे चिनी माती, पाण्यात कालवून फवारते. झाड चुना दिल्यासारखं पांढरं दिसतं, पाऊस झाला की पुन्हा द्यावं लागतं.

जुलैपासून सफरचंदाची माशी. ही जमिनीतून निघते, सालीखाली अंडी घालते. तिच्या अळ्यांनी फळाच्या गरात तपकिरी नागमोडी रेषा पडतात. किडकं फळ गळतं, अळी त्यातून निघून मातीत जाते आणि पुढच्या वर्षी तिथूनच माशी वर येते. म्हणून गळालेलं फळ झाडाखाली राहू द्यायचं नाही. मी एक दिवसाआड बादली घेऊन फिरते आणि ती फळं घट्ट बांधलेल्या पिशवीतून कचऱ्यात देते. खताच्या खड्ड्यात टाकली तर अळ्या तिथे आरामात वाढतात.

आता स्कॅब. पानांवर काळपट-हिरवे डाग, फळावर खपल्या. मॅकिंटॉशला हा रोग फार लागतो. बुरशी हिवाळाभर गळालेल्या पानांत दडून राहते, वसंतातल्या पावसात तिचे बीजाणू उडतात आणि सोळा-सतरा अंशांत पान सहा ते नऊ तास ओलं राहिलं की रोग बसतो. म्हणून नोव्हेंबरात पडलेलं पान न पान गोळा करायचं आणि मार्चमध्ये छाटणी करून झाडाच्या पोटात वारा खेळेल असं करायचं. तरी थोडा येतोच. तो सालीपुरताच असतो, सोलून खा, काही होत नाही.

नवीन झाड लावणार असाल तर 'लिबर्टी' घ्या. इथल्याच, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्राची जात, 1978 सालची. तिला स्कॅब लागत नाही. माझं दुसरं झाड तेच आहे.

फांदीचं टोक करपून काठीच्या मुठीसारखं वाकलेलं दिसलं तर तो फायर ब्लाईट, जिवाणूचा रोग. थांबू नका. कोरड्या दिवशी, करपलेल्या भागाच्या खाली फूटभर जाऊन फांदी कापा आणि दर कापाआधी कात्री स्पिरिटने पुसा.

पिशव्या 200 लागतात, मे संपता संपता आणून ठेवते. यंदा तुमच्या झाडाला पिशव्या लावायच्या असतील तर जूनच्या पहिल्या शनिवारी या. शिडी माझी घेऊन जा.