बीटा आणि गॅमा अ‍ॅक्टिन: फरक चार अमिनो आम्लांचा

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात किंवा ठाण्यातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट करणाऱ्यांना वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) ४२ किलोडाल्टनला येणारा बीटा-अ‍ॅक्टिनचा बँड चांगलाच ओळखीचा असतो. सगळे नमुने सारखेच भरलेत ना, हे दाखवणारा लोडिंग कंट्रोल म्हणून पाहायचा आणि पुढे जायचं. पण अ‍ॅक्टिन या पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनाची माणसात सहा जनुकं आहेत. चार स्नायूंची, आणि बीटा-गॅमा ही जोडी जवळपास प्रत्येक पेशीत.

ही जोडीच खरं कोडं आहे. ३७५ अमिनो आम्लांच्या साखळीत फरक फक्त चार जागी, तेही सुरुवातीलाच. बीटात ओळीने तीन अ‍ॅस्पार्टिक आम्लं, गॅमात तीन ग्लुटामिक. दहाव्या जागी व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन. रासायनिकदृष्ट्या किरकोळ बदल. तरीही बीटाचं जनुक काढलं की उंदराचं पिल्लू गर्भातच दगावतं. गॅमाचं काढलं तर काही पिल्लं जगतात, पण लहानखुरी राहतात आणि हळूहळू बहिरी होतात.

२०१७ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदराच्या बीटा-जनुकातली मोजकीच अक्षरं बदलून त्यातून गॅमा प्रथिन बनेल असं केलं. बीटा प्रथिन शून्य, तरी उंदीर जगले, धडधाकट राहिले! म्हणजे बीटाचं मर्म प्रथिनापेक्षा जनुकाच्या अक्षरांत जास्त. त्याच्या आरएनएच्या शेपटीकडे ५४ अक्षरांचा पत्ता असतो. झेडबीपी१ हे प्रथिन तो ओळखून आरएनए सरकत्या पेशीच्या पुढच्या कडेला पोचवतं आणि अ‍ॅक्टिन तिथेच तयार होतं. गॅमाच्या आरएनएवर हा पत्ता नाही. कुठे, केव्हा, किती बनवायचं हे वेगवेगळं ठरवता यावं म्हणून पेशी दोन जनुकं सांभाळते, हे उत्तर मला सगळ्यांत पटतं.

बेंचवर हे विसरलं की घोटाळा होतो. एसी-१५ ही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रथिन) बीटाचं सुरुवातीचं टोक ओळखते, सी४ सगळेच अ‍ॅक्टिन पकडते. प्रौढ स्नायूत बीटा फार कमी असतं. स्नायूची तुलना फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीतल्या पेशींशी करताना एसी-१५ वापरली, तर स्नायूचा नमुना कमी भरल्यासारखा दिसतो आणि पुढचं सगळं गणित चुकतं. तिथे पाँसो या रंगाने मेम्ब्रेनवरचं (ज्यावर प्रथिनं उतरवतात तो पडदा) एकूण प्रथिन मोजावं. साध्या जेलवर बीटा-गॅमा एकाच बँडमध्ये येतात. वेगळे करायचे तर प्रथिनं विद्युतभारानुसार वेगळी करणारं आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग लागतं.

मायक्रोस्कोपीत अडचण निराळी. अ‍ॅक्टिनच्या तंतूंमध्ये बीटाचं हे टोक झाकलेलं राहतं आणि सिग्नल फिका येतो. पेशी फॉर्मल्डिहाइडने स्थिर केल्यानंतर उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये पाच मिनिटं ठेवलं की ते उघडं पडतं. मात्र मिथेनॉलनंतर तंतू रंगवणारं फॅलॉइडिन नीट बसत नाही, त्यासाठी पेशींची दुसरी कव्हरस्लिप (पातळ काच) आधीच बाजूला काढावी.