घर बंद करून अठरा महिने : घानातल्या मिशनची तयारी

मिशनरी म्हटलं की छातीवर काळी पाटी लावलेली विशीतली पोरं आठवतात. लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी मॉर्मन चर्चमध्ये, निवृत्त जोडपीही जातात : ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांसाठी, स्वतःच्या खर्चाने. त्यांना दारोदार फिरावं लागत नाही आणि पोरांसारखं साडेसहाला उठायचं बंधनही नसतं. बहुतेकांना ऑफिस, मदतकार्य, जुन्या नोंदींचं डिजिटायझेशन किंवा चर्चच्या मंदिरातली सेवा मिळते. आम्हा दोघांना घानाच्या राजधानीतलं, अक्रातलं, ऑफिस मिळालं. काम जमलं. घाम फुटला तो निघण्याआधीच्या कागदांनी.

अर्ज ऑनलाइन असतो. डॉक्टर आणि दंतवैद्य आपापले फॉर्म भरतात, मग वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपची आणि अशा अनेक वॉर्डांवरच्या स्टेक प्रेसिडेंटची मुलाखत. इथला बिशप पगारी धर्मगुरू नसतो, दिवसा आपली नोकरी करणारा शेजारीच असतो, त्यामुळे त्याची वेळ आधी धरून ठेवावी. पसंती कळवता येते, पण नेमणूक चर्चच ठरवतं. दातांचं काम अर्जाआधीच उरकावं. अर्धवट रूट कॅनाल निघाला की फॉर्म तिथेच अडकतो.

भारतात जावं असं अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या मनात आधी येतं. पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) हातात असलं तरी मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलं आहे. आपलंच गाव म्हणून पाहुण्यासारखं जायचं आणि हळूच काम सुरू करायचं, असं करू नये.

घानासाठी पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं पुस्तक, म्हणजे प्रमाणपत्र, लागतं. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ही लस जिवंत विषाणूची असते आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रासाची शक्यता वाढते. संधिवातासाठी किंवा इतर कशासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टर नाहीही म्हणतील. हा प्रश्न अर्ज भरतानाच विचारावा, म्हणजे वेळीच दुसरा देश मागता येतो. परतीच्या वाटेवर पुण्याला भाचीच्या लग्नाला उतरायचं असेल तर आणखी एक : घानाहून येणाऱ्याकडे हे पुस्तक नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पुस्तक पासपोर्टच्या पाकिटातच असू द्या, मोठ्या बॅगेत नको.

हिवतापाच्या गोळ्यांचं गणित वेगळं. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची, पोचण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिनही रोजची, पण परतल्यावर चार आठवडे, आणि तिने ऊन बाधतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळी चालू असली तरी ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. परत आल्यावर वर्षभर कधीही ताप आला तरी डॉक्टरांना 'घानात होतो' हे आधी सांगायचं, कारण अमेरिकेतल्या डॉक्टरांना हिवताप पटकन सुचत नाही.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून ज्येष्ठ मिशनरींसाठीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. मग मेडिकेअरच्या पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता वाचवावा असं वाटतं. तो मोह टाळा. खंड पडलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्के वाढू शकतो आणि ती वाढ जन्मभर राहते.

आता घर. बहुतेक विमा पॉलिसींत घर ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं. कंपनीला लेखी कळवा, नाहीतर कोणाला तरी राहायला ठेवा. यूटासारख्या थंडीच्या ठिकाणी पाण्याचा मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे करायचेच. अमेरिकी टपाल खातं तात्पुरता पत्ताबदल जास्तीत जास्त एक वर्ष चालवतं, आणि मिशन अठरा महिन्यांचं, म्हणजे शेवटचे सहा महिने पत्रं रिकाम्या घरी. म्हणून बँक, कर, विमा सगळं आधीच कागदविरहित करा आणि एका मुलाला मुखत्यारपत्र द्या. सगळ्यात जास्त जोडपी अडतात ती बँकेच्या ओटीपीवर. अमेरिकेतला नंबर बंद केला की खात्यात शिरताच येत नाही. नंबर स्वस्त योजनेत चालू ठेवा आणि घानाच्या सिमसाठी दुसरी जागा असलेला फोन न्या.

खर्चाबद्दल : २०११ मध्ये चर्चने जोडप्यांच्या घरभाड्याला महिन्याला १,४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली. चालू आकडा अर्जाआधी विचारून घ्या. जेवण, विमा, औषधं, फिरणं आपल्याच खिशातून.

सामानात अमेरिकन मिक्सर नको. घानात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. भारतातून आणलेला मिक्सर मात्र खुशाल चालतो, फक्त तीन चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो. झोपेत लावायचं श्वासाचं यंत्र असेल तर त्याच्यावर १००-२४० लिहिलंय का बघा. वीज जाण्याला तिथे 'दुमसोर' म्हणतात. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून गच्चीवरची टाकी रोज रात्री भरलेली हवी आणि दोन बादल्या वेगळ्या. तूरडाळ अक्रातल्या भारतीय दुकानांत मिळते. कुकर घरूनच न्या.

ऑफिसचा गाडा सहा आठवड्यांच्या फेऱ्यांवर चालतो. दर फेरीला काही पोरं येतात, काही घरी जातात, काहींची बदली होते. तो आठवडा कॅलेंडरवर लाल करा आणि त्यात दुसरं काही ठरवू नका. जोडप्यातल्या एकाने पोरांचे पासपोर्ट, व्हिसा आणि मुदती बघाव्यात, दुसऱ्याने खोल्या, पाण्याच्या टाक्या, गाड्या आणि भाडेकरार. दोघांनी एकाच वहीत हात घातला की चुका होतात आणि घरी भांडणं. मुदत संपायच्या सहा महिने आधीची तारीख वहीत टाकायची, संपण्याची नाही, कारण बरेच देश सहा महिने शिल्लक नसलेला पासपोर्ट स्वीकारत नाहीत.

तिथल्या रीतीभाती शिकायला आपल्याला फार वेळ लागत नाही. डाव्या हाताने काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हे आपल्या आजीनेही सांगितलेलंच असतं. खोलीत शिरलं की आधी सगळ्यांना नमस्कार, आणि तोही उजवीकडून डावीकडे, मग कामाचं बोलणं. भाडेकराराचं बोलणं थेट काढलं तर मालक हसून 'उद्या या' म्हणतो.