गोळी घेते, पण तिच्याबद्दल मत काय?

गोळ्या चालू झाल्यापासून मला सगळ्यांनी एकच विचारलं, घेतलीस का? सासूबाईंनी, नवऱ्याने, माहेरून फोनवर आईने, ओपीडीतल्या डॉक्टरांनीसुद्धा. गोळीबद्दल मला काय वाटतं, हे पहिल्यांदा विचारलं ते लातूरच्या दवाखान्यात एम.डी. करणाऱ्या एका मॅडमनी, आणि तेही त्यांच्या प्रबंधासाठी. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी भलतंच उसळतं, कधी पार खचतं; त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. औशात घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते.

आधी संमतीपत्र आलं. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, नाव कुठे छापलं जाणार नाही, वगैरे. माहिती गुप्त ठेवून घेण्याचा पेशंटचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे, असं मॅडमनी सांगितलं. सही होईपर्यंत सासूबाई शेजारीच होत्या. "तिला काय इचारता, मला इचारा की. एक दिस गोळी चुकू दिली नाही मी." खोटं नव्हतं ते. मॅडमनी गोड बोलून त्यांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. रांग मोठी होती, बरं झालं.

फॉर्म एका पानाचा. औषधाबद्दल दहा विधानं, प्रत्येकापुढे खरं किंवा खोटं, मधलं काही नाही. हॉगन, अवाद आणि ईस्टवूड या तिघा संशोधकांनी 1983 मध्ये 30 विधानांची मोजपट्टी केली होती, ती मुळात स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या पेशंटसाठी. त्यातलीच ही छोटी आवृत्ती. औषधाच्या बाजूने उत्तर दिलं की अधिक एक, विरुद्ध दिलं की उणे एक. म्हणजे बेरीज उणे दहापासून अधिक दहापर्यंत कुठेही, पण कायम सम आकडा. हे सगळं अर्थात मॅडमनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी दहापैकी दहा मिळवून दाखवले असते. शाळेपासूनची खोड.

काही उत्तरं पटापट दिली. औषधाने फायदा जास्त की त्रास? फायदाच. बरं नसेल तेव्हाच घेता का? नाही, रोज. पुन्हा आजारी पडणं टळेल का? टळेल. ज्या वर्षी रात्ररात्र मशीन चालवत बसले आणि उधारीवर ताग्यांवर तागे कापड आणलं, ते वर्ष घरात कुणी विसरलेलं नाही. सुस्ती येते का? येते. औषधाने मनावर ताबा ठेवणं अनैसर्गिक वाटतं का? वाटतं. विचार जास्त स्पष्ट होतात का? इथे मी खोटं म्हटलं. झोप लागते, भांडणं होत नाहीत, पण ब्लाउजच्या गळ्याचे नवे नमुने पूर्वी डोळे मिटले तरी दिसायचे, ते आता मोबाईलवर शोधावे लागतात.

अडले ती एका विधानाशी. औषध मी स्वतःच्या मर्जीने घेते. रात्री जेवणं झाली की सासूबाई डब्यातून स्ट्रिप काढतात, गोळी फोडून माझ्या तळहातावर ठेवतात आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत उभ्या राहतात. त्या नसत्या तर मी घेतली नसती का? घेतली असती. मग ही मर्जी म्हणायची की नाही? मॅडम काही सुचवेनात, पेन धरून नुसत्या बसल्या. शेवटी म्हटलं, लिहा खोटं.

बेरीज झाली अधिक दोन. मॅडमनी फाइल उलटून पाहिली, कारण त्यात सगळीकडे ‘औषध नियमित’ असा शेरा होता. त्यांना वाटलं होतं मी आठ-दहावर असेन. मला मात्र नवल वाटलं नाही. न चुकता घेणं आणि मनापासून घेणं यात केवढं अंतर असतं, हे कुठल्याही सुनेला विचारा.

पण खरं कामाचं बोलणं झालं ते फॉर्मच्या बाहेर. त्या दहा विधानांत गोळीने होणाऱ्या माझ्या हाताच्या थरथरीला जागाच नव्हती. मी आपणहून सांगितलं: मशीनवर काही जाणवत नाही, कापड दोन्ही हातांनी दाबून धरलेलं असतं. हुक लावायला घेतले की कळतं. सुईच्या नाकापाशी दोरा नेला की तो डावीकडे जातो, उजवीकडे जातो, आत काही जात नाही. आता पोरगीच मला पाच-सहा सुया ओवून ठेवते आणि मग शाळेला जाते. मॅडमनी हात पुढे करायला सांगितले, बोटं पसरून. बघितलं आणि मोठ्या सरांना बोलावलं.

सरांनी रक्तातली लिथियमची पातळी तपासायला सांगितली. हे रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी देतात. रात्री नऊला गोळी, म्हणून सकाळी नऊला रक्त. त्या दिवशी पहिल्या एस.टी.ने गेले. पातळी 1.0 आली, मर्यादेतच, पण माझ्या नेहमीपेक्षा वर. सर खोदून विचारत गेले. एप्रिल-मेचं ऊन, पत्र्याखाली मशीन, चतुर्थीला बिनमिठाचा उपास, कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक. घाम, कमी पाणी, अचानक कमी केलेलं मीठ, असली दुखण्याची गोळी, या सगळ्यांनी लिथियम अंगात साठतं. उलट्या-जुलाब, झोकांड्या, जीभ जड होणं दिसलं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. "भरपूर पाणी पीत जा," सर म्हणाले. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात बसून! तेही हसले, मीही हसले.

डायक्लोफेनॅक बंद झाली, थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉलचा छोटा डोस मिळाला. आता थरथर पूर्ण गेलेली नाही, पण हुक माझे मीच लावते. लिथियममुळे कराव्या लागणाऱ्या थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्यांच्या तारखा केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतल्या आहेत.

मॅडमनी सासूबाईंनाही बोलावून घेतलं. त्यांच्या काळजीचं आधी कौतुक केलं आणि मग गोळ्यांचा डबा माझ्याकडे द्यायला सांगितला. बसमध्ये औशापर्यंत त्या बोलल्या नाहीत. डबा दिला, पण अट घालून: रविवारी स्ट्रिपमधल्या रिकाम्या खाचा त्या स्वतः मोजणार. मी मान्य केलं. पुढचा फॉर्म दिवाळीनंतर भरायचा आहे.